कडेचा आवाज

"बाद! सरळसरळ बाद!" पंचकाका स्टुलावरून अर्धे उठले. "आवाज आला की. कोरडा, लाकडाचा. आणि हा बाबा मान हलवतोय!"

टीव्हीवरच्या अंपायरने खरंच मान हलवली होती. पण दुकानातले सगळे पंचकाकांकडेच बघत होते.

टीव्हीचा आवाज सकाळपासून बंद होता.

थांबा. थोडं मागे नेऊन दाखवतो.

दुकान शिंप्याचं, आम्ही त्यांना मास्तर म्हणतो. मास्तरांची बायको नर्स आहे. रात्रपाळी करून येते आणि दुकानामागच्या खोलीत झोपते. त्या दिवशी वहिनींचं डोकं ठणकत होतं, म्हणून मास्तरांनी टीव्ही मुका केला होता. कसोटीचा शेवटचा दिवस, दोन गडी बाकी, आणि आम्ही तिघं कुजबुजत भांडत होतो.

"नुसता वेग काय कामाचा?" कापडावर खडूची रेघ मारत मास्तर म्हणाले. "तो उंच गोलंदाज वाऱ्यासारखा येतो आणि वाऱ्यासारखाच जातो. डावऱ्याकडे बघ. टप्पा कसा, टाक्यावर टाका."

"टप्पा काय चाटायचाय?" शेजारचा चष्मेवाला म्हणाला. "सकाळपासून एक विकेट नाही त्याला."

"मिळेल कशी? अंपायर झोपलाय."

"अंपायर आता टोप्या सांभाळायला असतो, मास्तर. निकाल मशीन देतं."

"आणि मशीनला विचारायच्या संधी यांनी सकाळीच उधळल्या. आता बसा बोंबलत."

"बोंबलू नका, वहिनी उठतील," मी म्हणालो.

मी पंप दुरुस्त करतो. त्याआधी मी वेगवान गोलंदाज होतो. आमच्या गावात हे लहान पोरालाही माहीत आहे, कारण मी ते सांगायचं कधी सोडलं नाही.

एवढ्यात पंचकाका आले. गावातल्या सामन्यांना पंच म्हणून अजूनही तेच उभे राहतात. आरशाजवळच्या स्टुलावर बसले, जिथून सगळ्यांची तोंडं दिसतात तिथे. दुसऱ्याच चेंडूवर अपील झालं.

आणखी मागे. सव्वीस वर्षं.

निवड समितीची माणसं तंबूत बसलेली. फलंदाज त्यांच्यातल्याच एकाचा भाचा. माझा चेंडू पडून बाहेर निघाला, बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाच्या हातात गेला. टक्! सीमारेषेबाहेरच्या चहावाल्यानेही ऐकलं. पांढऱ्या कोटातल्या पंचकाकांनी मान हलवली. भाच्याने पुढे शतक ठोकलं. माझं नाव यादीत आलं नाही, आणि पुढच्याच वर्षी गुडघा गेला.

तेव्हापासून मी एकच गोष्ट सांगत आलो: माणूस विकला गेला. लग्नात सांगितली, मयतीत सांगितली, गिऱ्हाइकाच्या विहिरीच्या काठावर पंप उघडून बसलो असतानाही सांगितली. त्यांच्या तोंडावरसुद्धा विचारायचो, "काका, भाच्याने काय दिलं हो?" ते एवढंच म्हणायचे, "लागली नव्हती." चष्मेवाल्याने तर माझ्या टोमण्यांमुळे दोनदा त्यांचे डोळे फुकट तपासले. ठणठणीत निघाले.

कान कोणी तपासले नाहीत. चौतीस वर्षं कारखान्यात लेथच्या खडखडाटात काढलेल्या माणसाचे.

आता पुन्हा तोच क्षण, पण सावकाश.

"आवाज आला की," पंचकाका म्हणतात. मास्तरांची कात्री कापडात मधेच थांबते. चष्मेवाल्याच्या तोंडावर हसू फुटायला लागतं. "अहो काका, टीव्ही तर..."

माझ्याकडे आता पुरावा आहे. एक वाक्य बोललं की रविवारच्या सामन्याचा पांढरा कोट त्यांच्या अंगावर चढणार नाही. पुन्हा कधीच नाही. सव्वीस वर्षं मला हेच तर हवं होतं.

"आला," मी म्हणालो. "मीही ऐकला."

चष्मेवाला माझ्याकडे बघत राहिला. मास्तरांनी कात्री पुढे सरकवली. "आला की," ते म्हणाले. "स्पष्ट."

पंचकाकांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग हळूच उठले आणि चपला घालून निघाले. मीही मागोमाग निघालो.

कोपऱ्यावर ते थांबले. "टीव्ही मुका होता ना?"

मी होकारार्थी मान डोलावली.

"मास्तरांच्या तोंडावर दिसलं. कडही तोंडावरच दिसते, बघ. फलंदाज चोरून मागे बघतो. यष्टिरक्षकाचे डोळे चमकतात. त्यावरच निभावलं मी. गोलंदाजाकडे बघून उपयोग नाही, तो बोंबलतोच. त्या भाच्याचं तोंड मात्र दगडाचं होतं."

"सांगायचं तरी, काका."

"सांगितलं असतं तर कोट गेला असता. लेथवर मला कोणी अहो म्हटलं नाही. घरीही नाही. तिथे तेरा माणसं माझ्या बोटाकडे बघायची."

ते चालू लागले. चार पावलांवर, मागे न वळता, त्यांनी विचारलं, "लागली होती का रे?"

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

"नव्हती, काका," मी त्यांच्या पाठीला म्हणालो.

ते तसेच चालत राहिले. मग मी गुडघा ओढत त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो, आणि तेच पुन्हा म्हणालो, ओठ नीट हलवत.

पंचकाका माझ्या तोंडाकडे बघत राहिले. बराच वेळ. मागून टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना रस्त्याच्या कडेला घेतलं.