नको कोणी म्हटलं?

"बाकी कागद ठीक आहेत. पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट कुठाय?" पगारे वकीलबाईंनी फाइल शेवटपर्यंत उलटली आणि चष्म्यावरून झुंबरकडे पाहिलं.

झुंबरने शेजारी बसलेल्या लेकीकडे, तेजलकडे पाहिलं. नाशिकच्या कोर्टामागच्या गल्लीतलं हे तिसरं ऑफिस. ज्या डॉक्टरवर केस करायची त्याचं नाव ऐकताच पहिल्या वकिलाने हात जोडले. वकिलाच्या आईचा गुडघा त्याच डॉक्टरच्या दवाखान्यात बदलला होता. दुसऱ्याने तर चहा पाजून, खोदून खोदून सगळं काढून घेतलं आणि मग सांगितलं, त्या दवाखान्याची कामं मीच बघतो. चोराच्या मेव्हण्यापुढे गाऱ्हाणं मांडायचं आणि वर त्याचेच आभार मानून जिना उतरायचा, असला प्रकार. पगारेबाई तेवढ्या सरळ वाटल्या.

रिपोर्ट नव्हता, कारण पोस्टमॉर्टेम झालंच नव्हतं.

झुंबरची बायको सविता गर्भपिशवीच्या ऑपरेशनसाठी स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेली होती. दुसऱ्या दिवशी तिचं पोट फुगलं. ती कळवळत राहिली, नर्स गॅस झालाय म्हणत राहिली आणि संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. मग मात्र डॉक्टर स्वतः खाली आले. झुंबरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, हार्ट बंद पडलं. आता बाईची चिरफाड कशाला करता, मी कागद लिहून देतो, नीट घरी न्या. तेजल म्हणाली होती, "पप्पा, पोस्टमॉर्टेम करू." भावकीसमोर झुंबर तिच्यावर खेकसला होता, "आईला फाडाया निघाली का?" आणि एवढ्या मोठ्या माणसाने आपल्या बायकोच्या देहाची विटंबना टाळली म्हणून तो चक्क डॉक्टरच्या पाया पडला होता. सिन्नरच्या कारखान्यात, कँटीनमध्ये आयुष्यभर पोळ्या लाटलेल्या माणसाला गोड बोलणाऱ्या साहेबाचं भारी अप्रूप.

वकीलबाईंनी समजावलं. काय चुकलं ते दाखवायला पुरावा लागतो, आणि तो तर देहाबरोबरच जळाला. दुसरा कुठलाही डॉक्टर याच्याविरुद्ध लिहून देणार नाही.

"नको कोणी म्हटलं?" त्यांनी विचारलं.

झुंबरने नजर फाइलकडे वळवली. तेजल थोडी थांबली.

"मी," ती म्हणाली. "मला भीती वाटली, मॅडम."

मग वकीलबाईंनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. अडाणी बापाचं समजू शकते, पण कॉलेजात जाणाऱ्या मुलीला एवढी अक्कल नसावी? आईची केस तू घालवलीस, असं त्या तोंडावर बोलल्या. तेजल मान खाली घालून ऐकत राहिली. तेवढ्यात चहा आला. झुंबरला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी त्याने कप उचलला आणि चहा पिऊन टाकला.

बसस्टँडवर आल्यावर झुंबरने विचारलं,

"कशापायी खोटं बोलली तू?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते, पप्पा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

गाडी लागली. तेजलला खिडकीपाशी जागा मिळाली. तिने शेजारी ओढणी टाकून बापासाठी जागा धरली आणि "बसा" म्हणाली. झुंबर बसला नाही. सिन्नर येईपर्यंत तो वरचा दांडा धरून तिच्या बाजूला उभाच राहिला.