जेवून आलोय

काटेसाहेबांनी गळ्यात कागदी लाळेरं बांधलं तेव्हाच तिला कळायला हवं होतं, की आजची दुपार काही धड जायची नाही.

काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. एका बड्या हॉटेलातल्या मेजवानीच्या हॉलवर त्यांनी चौतीस वर्षं राज्य केलं. ताटलीपासून काटा किती अंतरावर हवा हे ते पट्टी लावून मोजत, म्हणून वेटर मंडळींनी पाठीमागे ठेवलेलं हे नाव. एके दिवशी ते त्यांच्या कानावर गेलं. दुसरा कुणी असता तर भडकला असता. हे मात्र फुशारले, घरी येऊन बायकोला कौतुकानं सांगितलं, आणि नाव कायमचं चिकटलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी हातातली पट्टी सुटली नव्हती. आता ती घरच्यांवर चालायची.

घरच्यांवर म्हणजे तिच्या एकटीवर. लेक केव्हाच वेगळी राहायला गेली होती. ती स्वतः एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत बसून लोकांचे कपडे उसवून घट्ट-सैल करून द्यायची. कुणाची कंबर वाढलेली, कुणाची घटलेली, आणि दोघांचीही तक्रार शिंप्याबद्दलच. दुपारचा डबा ती तिथंच मशीनशेजारी, दार लोटून खायची, आणि दिवसातलं तेवढं एक जेवण तिच्या अंगी लागायचं.

कारण घरी जेवताना तिच्या तोंडून आवाज झाला, की काटेसाहेब तर्जनीच्या नखानं टेबलावर दोनदा वाजवत. टक टक. बोलत काही नसत. नवे वेटर शिकवतानाची सवय, म्हणायचे. लग्नानंतर पहिल्या महिन्यात सुरू झालेली ती टकटक अडतीस वर्षं चालू होती. बिनआवाजाचं प्यायचं तर आधी ते कोमट होऊ द्यावं लागतं. तेव्हा अडतीस वर्षांत स्वतःच्या घरात तिनं गरम असं काही प्यायलेलं नव्हतं. चहासुद्धा नाही.

आजचं दुकान लेकीनं शोधलेलं. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती आणि त्याच गल्लीत हे छोटं जपानी रामेनचं दुकान होतं. नऊ स्टुलं, एक लांब अरुंद कट्टा, कट्ट्यापलीकडे डोक्याला पंचा गुंडाळलेला स्वयंपाकी. त्याच्यापुढे उकळत्या पाण्यात जाळीच्या टोपल्या लटकत होत्या. एक टोपली वर काढायची, दोन झटके देऊन पाणी निथळायचं, नूडल्स वाडग्यात, वर डावानं रस्सा, अर्धं अंडं, मांसाचे दोन काप, चिरलेली कांद्याची पात. शनिवारची दुपार असल्यानं गर्दी होती. भिंतींना वाफेचा घाम सुटला होता. आणि कोपऱ्यातल्या पोस्टमनपासून दाराजवळच्या नर्सबाईपर्यंत झाडून सगळे भुरके मारत होते.

सुर्रर्र! सुर्रर्र!

तिच्या अंगावर काटा आला. सवयीनं तिनं नवऱ्याच्या बोटाकडे पाहिलं. आता नख वाजणार, आता या बिचाऱ्या पोस्टमनची शोभा होणार. पण काटेसाहेब चक्क हसत होते.

"अगं, हीच तर पद्धत आहे यांची," ते म्हणाले. "आवाज करून खायचं. मी फोनवर सगळं बघून आलोय."

"बाबा अभ्यास करून आलेत," लेक आईला डोळा मारत म्हणाली.

"मग? कुठंही जेवायला जायचं तर तिथली रीत माहीत हवी." काटेसाहेबांनी लाळेऱ्याची गाठ सारखी केली आणि ज्ञान पाजळायला घेतलं. "ओढताना नूडल्सबरोबर हवा आत जाते. हवेनं घास निवतो आणि वास नाकापर्यंत खुलतो. केवढा विचार आहे बघ त्यामागे. इथं गपचूप खाणं हा आचाऱ्याचा अपमान. संस्कृती आहे ही, संस्कृती!"

हवेनं घास निवतो.

हे वाक्य तिनं नऊ वर्षांची असताना ऐकलं होतं आणि ते ऐकायला तिला फोन लागला नव्हता. तिचे वडील, अण्णा, लोखंड ओतायच्या कारखान्यात भट्टीवर होते. जेवायची सुट्टी दहा मिनिटं. डब्यातला रस्सा भट्टीच्या कडेला ठेवलेला, जीभ भाजेल असा कढत. "भट्टी काही थांबत नाही आणि रस्सा काही निवत नाही," अण्णा सांगायचे, "मग घासाबरोबर वारा ओढायचा, बयो. वाऱ्यानं घास निवतो." आणि ओढून दाखवायचे. त्या भुरक्यानं फळीवरची भांडी थरथरतात असं आई म्हणायची. ती खिदळायची आणि तसाच ओढायला बघायची. ठसका लागायचा, अण्णा पाठीवर थापट्या मारायचे. ही तिची संस्कृती. तिला कुणी तसं नाव दिलं नव्हतं, एवढंच.

वाडगे आले. काटेसाहेबांनी चॉपस्टिक्स दोन्ही हातांनी विधिवत उचलल्या, नूडल्सचा झुबका तोंडाशी नेला आणि ओढलं. आवाज जोरदार झाला. आत मात्र काही गेलं नाही. झुबका वाडग्यात परत पडला, रस्सा उडून चष्म्यावर बसला. स्वयंपाक्यानं एकवार मान वर केली आणि परत टोपलीकडे वळला.

"जमेल, जमेल," काटेसाहेब चष्मा पुसत आनंदानं म्हणाले, आणि दुसरा भुरका मारला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काड्या हातात तशाच राहिल्या. समोर वाफ निघत होती आणि तिला दुसरंच टेबल दिसत होतं.

लग्नाला सहा महिने झाले होते. काटेसाहेबांना नुकतंच हॉलचं काम मिळालेलं, म्हणून हॉटेलचे मोठे मॅनेजर आणि त्यांच्या बाई घरी जेवायला येणार होत्या. त्याच दिवशी अण्णा पहिल्यांदा लेकीचं घर बघायला आले. इस्त्रीचा शर्ट, नखं घासून घासून लाल केलेली. सूप वाढलं. अण्णांनी एकच भुरका मारला, बिचारे सवयीनं. आणि काटेसाहेब हसून, अगदी गोड हसून म्हणाले, "अण्णा, इथं भट्टीचा भोंगा नाही वाजत. सावकाश होऊ द्या. आवाज पार रस्त्यापर्यंत जातोय."

मोठे मॅनेजर हसले. त्यांच्या बाई हसल्या. अण्णासुद्धा हसले, आणि चमचा खाली ठेवला. मग जेवण संपेपर्यंत त्यांनी तो उचलला नाही.

त्यानंतर अकरा वर्षं अण्णा तिच्याकडे येत राहिले. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. ताट मांडलं की म्हणायचे, "नको गं बयो, जेवून आलोय." अकरा वर्षं, दर वेळी. पाण्याचा ग्लास तेवढा घ्यायचे, तोही आवाज न करता. एकदा ते गेल्यावर चष्म्याचं घर टेबलावर राहिलेलं तिला दिसलं. ती धावत बसस्टॉपवर गेली. अण्णा बाकावर पाठमोरे बसले होते. मांडीवर डबा उघडा, हातात थर्मासचं झाकण, आणि भुरके चाललेले. जेवून आलेला माणूस भर दोन वाजता भुकेल्यासारखा जेवत होता.

ती पुढं गेली नाही. चष्म्याचं घर घेऊन तशीच माघारी आली, आणि घरात येऊन मूग गिळून बसली. याचाच तिला नवऱ्याहून जास्त राग होता. तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड होतं, जीभ होती, अण्णा जिवंत होते.

टक टक.

ती दचकली. काटेसाहेबांचं नख तिच्या वाडग्याशेजारी वाजत होतं.

"अगं, निवतंय ते," ते म्हणाले. "आणि अशी गुपचूप काय बसलीस? आवाज कर. इथं आवाज करायचा असतो."

तिनं काड्या कट्ट्यावर आडव्या ठेवल्या.

"अण्णांना का नाही करू दिलात?"

"कुणाला?"

"माझ्या वडलांना. आवाज."

काटेसाहेबांनी लेकीकडे पाहिलं, जणू आईचं भाषांतर तिनं करून द्यावं. "काय बोलतेस तू? अण्णांचं काय आता इथं?"

"मोठे मॅनेजर जेवायला आले होते. अण्णांनी सूप प्यायलं. तुम्ही म्हणालात, इथं भट्टीचा भोंगा नाही वाजत."

"मी?" काटेसाहेब खरोखरच आठवू लागले. कपाळाला आठ्या घातल्या, डोळे मिटले, उघडले. "छे. मी असं कशाला म्हणेन? आणि म्हणालोच असेन तर थट्टेत. अण्णा कुठं रागावले? नेहमी यायचे की आपल्याकडे."

म्हणजे आठवतसुद्धा नव्हतं. अडतीस वर्षं ती ज्या वाक्याशी रोज भांडत होती, ते वाक्य बोलणाऱ्याच्या गावीही नव्हतं. त्यानं ते तिथंच टेबलावर टाकलं होतं आणि हात पुसून उठला होता. तिला वाटलं होतं, कधीतरी विषय निघेल, हा माणूस मान खाली घालील, चुकलो म्हणेल. अण्णा गेल्यावरही ती त्याची वाट बघत राहिली होती. कसली वाट आणि कसलं काय!

"यायचे," ती म्हणाली. "पण अकरा वर्षांत आपल्याकडे एक घास खाल्ला का त्यांनी?"

"त्यांचा आहारच कमी होता गं."

"आहार कमी?" तिचा आवाज चढला. पोस्टमननं मान वळवली. "चार माणसांचं जेवायचा माझा बाप! भट्टीवर उभा राहायचा तो! तुमच्या घरातून उठून बसस्टॉपच्या बाकावर डबा खायचा. मी बघितलंय या डोळ्यांनी. रस्त्यावर बसून जेवला तो अकरा वर्षं, कारण तुमच्या टेबलाला त्याचा आवाज चालत नव्हता!"

"आई, हळू," लेक म्हणाली.

"का हळू? इथं आवाज करायचा असतो ना? संस्कृती आहे ना?"

दुकान चिडीचूप झालं. उकळत्या पाण्याचा तेवढा आवाज येत राहिला. काटेसाहेबांच्या लाळेऱ्यावर रश्श्याचे तीन डाग पडले होते. उभ्या जन्मात या माणसाच्या कपड्यावर डाग पडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

"आजोबा मलाही म्हणायचे," लेक हळूच म्हणाली. "मी त्यांच्या तोंडात घास द्यायला जायचे तर म्हणायचे, जेवून आलोय. मला वाटायचं, आजोबांना आपल्या घरचं आवडत नाही."

काटेसाहेबांनी वाडगा दोन बोटं पुढं सरकवला.

त्यांच्याकडे न बघता तिनं आपला वाडगा दोन्ही हातांनी जवळ ओढला. रस्सा अजून कढत होता. तिनं नूडल्स उचलल्या, खाली वाकली आणि वारा ओढला. लांब, एका दमात, नवव्या वर्षी जमला नव्हता तसा. जीभ भाजली नाही. घास पोटापर्यंत गरम गेला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलंही नाही. दुसरा भुरका मारला, मग तिसरा. नर्सबाई पुन्हा जेवायला लागली, पोस्टमनही लागला, आणि दुकान पहिल्यासारखं वाजू लागलं.

काटेसाहेब मात्र हात मांडीवर ठेवून बसून होते. त्यांच्या वाडग्यातल्या नूडल्स फुगत चालल्या होत्या. स्वयंपाक्यानं पाहिलं, फडक्याला हात पुसत पुढं आला.

"बरं नाही झालं का?"

"नाही, नाही," काटेसाहेब गडबडून म्हणाले. "छान आहे. फार छान. मी जरा… घरून जेवून आलोय."

तिचे हात थांबले. ते कळून बोलले की नकळत, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं नाही. चेहरा पडलेला होता, कान लाल झाले होते. दुसऱ्या एखादीला दया आली असती. तिच्या मात्र डोक्यात पुन्हा तिडीक गेली. अकरा वर्षं अण्णा पोट मारून ते वाक्य बोलले होते, आणि हा माणूस पाच मिनिटांच्या ओशाळलेपणासाठी ते उचलून वापरत होता.

तिनं तर्जनी उचलली आणि त्यांच्या वाडग्याशेजारी नखानं दोनदा वाजवलं. टक टक.

"ते वाक्य अण्णांचं आहे," ती म्हणाली. "तुम्ही जेवून आलेला नाही. जेवा."

काटेसाहेबांनी काड्या उचलल्या. त्यांनी फुगलेल्या नूडल्स तोंडात घातल्या आणि ओठ मिटून, आयुष्यभर खाल्ल्यासारखं, काही ऐकू न देता चावू लागले.

"आवाज येत नाहीये," ती म्हणाली, आणि वाडगा रिकामा होईपर्यंत त्यांच्याकडे बघत बसली.