पान उघडेपर्यंत

“आलं का?” मृणालने विचारलं.

“कुठलं! पांढरंच आहे अजून,” मुरुडहून हर्षद म्हणाला. “तोवर सांगा, आज काय केलंत जेवायला?”

“आमटी-भात. एकटीला काय लागतं!”

“एकट्यानेच नीट जेवावं, मॅडम. काल खानावळीत बोंबील खाल्ले, इतके ताजे की… आलं, आलं पान.”

मृणालने किती सेकंद लागले ते नोंदवलं, पानाचं वजन नोंदवलं. नागावच्या घरी बसून ती पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. रुग्णांनी नंबर लावण्यासाठी एका धर्मादाय रुग्णालयाचं ॲप होतं. ते फोनवर उघडायला किती वेळ घेतं, किती डेटा खातं, हे मोजायचं आणि कुठे अडतंय ते शोधून कळवायचं. हर्षदला कंपनीने मुरुडच्या लॉजवर ठेवलं होतं. कमी रेंजमध्ये, साध्या फोनवर तो पानं उघडून पाही. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

सुरुवातीला पान इतकं रेंगाळे की एका सकाळी हर्षदने वडिलांच्या आजारपणाची सगळी हकिगत सांगून टाकली. दुसऱ्या दिवशी मृणालने आपल्या मोडलेल्या लग्नाचं सांगितलं, आईपाशीही कधी काढलं नव्हतं ते. आता आई नव्हती, भाऊ पनवेलला आपल्या ट्रकांच्या व्यापात. सकाळचा हा फोन झाला की दिवसभर घरात दुसरा आवाज नसे.

पण कामात ती पक्की. एकेक अडथळा ती शोधत गेली, पुण्याची मुलं तो दूर करत गेली. पान लवकर येऊ लागलं, तशा गप्पा अर्ध्यावर तुटू लागल्या.

बुधवारी तिला शेवटचं दुखणं सापडलं. पहिल्याच पानावर डॉक्टरांचा एक मोठा फोटो होता, कॅमेऱ्यातून निघाला तसाच चढवलेला. पानाचं जवळजवळ सगळं वजन त्याचंच. तो लहान केला की झालं. मृणालने कळवायला घेतलं आणि हात थांबला. उद्या कळवू, ती मनाशी म्हणाली. गुरुवारीही तेच म्हणाली. त्या सकाळी हर्षद त्याच्या गावच्या जत्रेबद्दल पोटभर बोलला.

शुक्रवारी शेजारची येसूबाई विहिरीच्या कठड्याशी उभी दिसली. हातातला फोन तिने उंच धरला होता.

“काय झालं, येसूमावशी?”

“डोल्यांचा नंबर लावायचा हाय गो बाय. कवाधरनं उभी हाय, नुस्तं गोल फिरतंय. सून सांगून गेली, हितं रेंज येते.”

मृणालने फोन घेतला. पडद्यावर फोटो वरून हळूहळू उतरत होता. अजून डॉक्टरांचे केस तेवढे आले होते.

“माजा फोन जुना म्हनून व्हय?” येसूबाईने विचारलं.

“नाही हो,” मृणाल म्हणाली. तिला येसूबाईकडे बघवेना. “फोन चांगला आहे तुमचा.”

तिने येसूबाईला घरी नेलं, आपल्या लॅपटॉपवरून नंबर लावून दिला आणि ती जायच्या आतच फोटोबद्दल पुण्याला कळवलं.

सोमवारी हर्षदचा फोन आला. “उघडतो हं,” तो म्हणाला आणि लगेच, “आलं.”

“आलं?”

“बोट उचलायच्या आधी आलं. जमवलंत, मॅडम.” मग म्हणाला, “मुरुडचं काम संपलं म्हणतायत. उद्या सांगलीला निघतो.”

“एसटी आमच्या नागाववरूनच जाते.”

“हो. नकाशात बघितलंय मी.”

त्याच्याकडे कुठेतरी बादली भरत असल्याचा आवाज येत होता.

“मग… ठेवू?”

“ठेवा,” ती म्हणाली.

मंगळवारी सकाळपासून ती ओटीवर बसून राहिली. रस्त्यावरून अलिबागकडे एसट्या जात होत्या. त्यातली एकही थांबली नाही असं नव्हतं. थांबत होत्या, माणसं उतरत होती, आपापल्या घरी जात होती.

पुढे मोजण्याचं काम कंपनीने यंत्रावर सोपवलं. नोंदी आपोआप होत, मृणालने त्यांवर नजर ठेवायची. येसूबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सून कामावर जाई, म्हणून दुपारी थेंब घालायला मृणाल जाऊ लागली.

एकदा येसूबाई डोळे मिटून पडल्या पडल्या म्हणाली, “गप का गो? बोल की कायतरी.”

मृणाल बोलायला गेली, पण आवाज फुटेना. तिने घसा खाकरला. दुपार कलायला आली होती आणि सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती.