खोक्यामागची बारीक अक्षरं

मी एक भिंग आहे. घड्याळजी डोळ्याला लावतात ना, तसलं, काळ्या नळीत बसवलेलं. काचेच्या कारखान्यात जन्मलो, पण आयुष्य गेलं ते एकाच घड्याळजींच्या उजव्या डोळ्यावर. केसाएवढ्या स्प्रिंगा, तिळाएवढे स्क्रू आम्ही दोघांनी मिळून पाहिले. पुढे त्यांचा हात थरथरू लागला, दुकान बंद झालं आणि मी कपाटातल्या डबीत पडून राहिलो.

मग घड्याळजींच्या बायकोला मधुमेह निघाला. गल्लीतले सगळे त्यांना काकू म्हणतात. काकूंनी त्याच दिवशी चहातली साखर सोडली, केककडे पाहायचंही सोडलं. तरी तीन महिन्यांनी तपासलं, तर रक्तातली साखर आणखी चढलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असंच चाललं तर इन्सुलिन सुरू करावं लागेल."

घरी येताच घड्याळजींनी विचारलं, "चोरून काही खातेस का गं?"

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "सकाळी ते दुधातलं पौष्टिक सीरियल, दुपारी फळांचा रस. दुसरं काय खाते मी? रसाच्या खोक्यावर तर लिहिलंय, वेगळी साखर नाही."

घड्याळजी ओशाळले. त्यांनी मला डबीतून काढलं, शर्टाला पुसलं आणि खोका घेऊन खिडकीशी बसले. पुढे रसरशीत फळांचं चित्र होतं. मागे मुंगीएवढी अक्षरं. मी ती मोठी करून दाखवली.

"आटवलेला रस. एका पेल्यात अठ्ठावीस ग्रॅम साखर," ते सावकाश म्हणाले. "म्हणजे सात चमचे."

सीरियलच्या डब्यावर तर साखर तीन नावांनी बसली होती: कुठे मध, कुठे माल्ट, कुठे ग्लुकोज सिरप.

"चोर खोक्यात," काकू म्हणाल्या, "आणि पोलीस माझ्या मागे."

दुसऱ्या दिवशी रस बंद झाला आणि सीरियलऐवजी घड्याळजींनी स्वतः काकूंसाठी अंडं उकडलं. ते दगडासारखं झालं होतं, तरी काकूंनी निमूट खाल्लं. पुढच्या तीन महिन्यांत साखर उतरली आणि इन्सुलिनची गोष्ट मागे पडली.

आता माझा मुक्काम बाजाराच्या पिशवीत असतो. घड्याळजी मला डोळ्याला लावून एकेक पाकीट वाचतात, तेव्हा दुकानदार कुरकुरतो, "काका, ते खायचं असतं, वाचायचं नसतं."

माझ्या कडेचा टवका उडालाय, पण मी मजेत आहे. तुमच्याकडे एकच मागणं आहे: पाकीट घेतलंत की आधी उलटं करा. पुढची बाजू विकणाऱ्यानं सजवलेली असते.

काल दुकानात एक गरोदर बाई बिस्किटांचा पुडा डोळ्यांजवळ नेऊन चाचपडत होती. "काका, जरा देता का ते?" तिनं विचारलं. घड्याळजींनी आजवर मला कुणाच्या हाती दिलं नव्हतं. काल दिलं.