पार्वताबाईनं अंगठा दिला नाही

बाळापूरजवळ, मन नदीच्या काठी पार्वताबाईचा भाजीपाल्याचा मळा होता. १९३८ च्या पौषात वांग्यांच्या पाट्या बाजाराला नेताना बैल बुजला, ती गाडीवरून पडली आणि चाक उजव्या नडगीवरून गेलं. हाड कातडी फोडून बाहेर आलं. गावच्या हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. अकराव्या दिवशी पायातून पू वाहू लागला, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, सूर्यभाननं, तिला अकोल्याच्या दवाखान्यात आणलं.

मोठ्या साहेबांनी पट्टी सोडून पाय पाहिला आणि गुडघ्याच्या वर बोटानं रेघ ओढली. "इथून कापायचा. परवा सकाळी." एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले. कारकुनानं संमतीचा कागद आणला. सूर्यभाननं शाईत अंगठा बुडवला, तसा पार्वताबाईनं त्याचा हात धरला.

"पाय कोनाचा हाय?"

"पार्वते, साहेब म्हन्तात त..."

"पाय माहा हाय. अंगठाबी माहाच लागन. अन् तो मी देत नाई."

अंगात ताप होता, पण जीभ अडखळत नव्हती. धाकटे डॉक्टर भगवंतराव जवळच उभे होते. ते अमरावतीचे, नागपुरात शिकलेले. स्टूल ओढून ते तिच्याजवळ बसले.

"दुसरा एक मार्ग आहे, बाई. जखम मोठी उघडायची, सडलेलं हाड काढायचं, आत मलमाची पट्टी भरायची आणि वरून प्लास्टर. ते सहा आठवडे उघडायचं नाही. फार वास सुटतो, पण पाय वाचू शकतो. विष रक्तात चढलं तर मात्र माणूस जातो. कापला तर तो धोका कमी, आणि महिन्याभरात घरी."

"असं किती लोकाईले केलं तुमी?"

"माझ्यासमोर तिघांना."

"अन् कापले किती?"

"पुष्कळ."

"ते सारे आता कसे हायेत?"

ते भगवंतरावांना ठाऊक नव्हतं. घरी गेलेला माणूस पुढे कसा जगतो, हे दवाखान्यात कुणी विचारत नव्हतं.

"मले माह्या डोयानं पाहू द्या," ती म्हणाली. "कापलेले अन् वाचलेले, दोनीकडचे आना. मंग सांगते."

साहेबांच्या कानावर हे गेलं. ते खाटेशी येऊन म्हणाले, "बाई, वांगी निवडायला आलीस का इथं?"

"वांगं किडकं निघालं त दुसरं घेता येते, सायेब. पाय नाई."

"उद्या संध्याकाळपर्यंत सांग. नंतर मी जबाबदार नाही."

भगवंतरावांनी जुनी कागदपत्रं चाळून दोन पत्ते काढले. सूर्यभान आगगाडीनं बडनेऱ्याला गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शेषरावांना घेऊन आला. दोन वर्षांपूर्वी त्यांचा पाय कापला होता. अकोल्याच्या जुन्या शहरातली गोदाबाई काठी टेकत स्वतःच आली. तिचा पाय प्लास्टरनं वाचला होता.

शेषरावांनी कुबड्या भिंतीला लावल्या. "मी वीस दिवसात घरी गेलो, बाई. कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर बसतो. लोक येतात, जातात, मी पाहतो. जित्ता हाओ, खोटं कावून बोलू? पन वावरात पाय ठेवला नाई तवापासून. तुमचं काम वाफ्यातलं."

गोदाबाईनं लुगडं थोडं वर करून वाकडी, खड्डा पडलेली नडगी दाखवली. "सहा महिने गेले. वासापायी नवरा ओसरीत जेवे. आता चालते, पानी भरते. पन एक आइक. माह्या बाजूच्या खाटीवर मैनाबाई होती. तिलेबी असंच केलं. सातव्या दिवशी गेली. हे डाक्टर सांगनार नाईत."

भगवंतरावांनी मान खाली घातली. "मी सांगायला हवं होतं."

पार्वताबाईनं डोळे मिटले. मग म्हणाली, "प्लास्टर करा. पाच दिवस ताप पाहा. चढतच गेला त मीच अंगठा देईन, मंग कापा. पन तवरोक कोनी कागद घेऊन येऊ नका."

भगवंतरावांनी त्याच संध्याकाळी प्लास्टर घातलं. तिसऱ्या दिवशी ताप एवढा चढला की सूर्यभान वऱ्हांड्यात जाऊन रडला. चौथ्या दिवशी तसाच. पाचव्या दिवशी पहाटे तिला घाम फुटला आणि ताप उतरला.

पुढे वास सुटला. वॉर्डातल्या बाया नाकाला पदर लावून कुरकुरू लागल्या. तिची खाट वऱ्हांड्यात हलवली. सूर्यभान मात्र तिथंच तिच्या उशाशी भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसायचा. ती म्हणायची, "तुमी बाहेर जा न जेवाले." तो म्हणायचा, "मी बाहेरच हाओ न." प्लास्टर तीनदा बदललं. भादव्यात ती उभी राहिली. पाय दोन बोटं आखूड झाला होता, घोटा वळत नव्हता. उकिडवं बसता येईना, म्हणून ती पाटावर बसून निंदण करायची. त्या वर्षीची मेथी तिच्या हातची होती.

वर्षाभरानं भगवंतरावांनी निरोप धाडला. शेंदूरजनाघाटचे उत्तमराव, संत्र्यांच्या बागेचे मालक, पाय कापू देत नव्हते. पार्वताबाईचं नाव त्यांनी ऐकलं होतं. ती अकोल्याच्या दवाखान्यात गेली. उत्तमरावांची आई तिच्या पाया पडू लागली. "माय, तूच सांग याईले, पाय राहते म्हनून."

पार्वताबाईनं म्हातारीला बाजूला केलं आणि चादर उचलली. पायाची बोटं काळी पडली होती. तिनं हात लावला. बोटं दगडासारखी थंड होती.

"भाऊ, हालवून पाहा बरं."

उत्तमरावांनी दात आवळले. बोटं हलली नाहीत.

"माही हालत होती. ताप होता, पू होता, पन बोटं गरम होती," ती म्हणाली. "मी नाई म्हनलं ते माह्या पायाले. हा पाय तुमाले घेऊन जाईन. कापू द्या."

"तू अशी बोलतेस?" म्हातारी चिडून म्हणाली.

"हो. मीच बोलते."

उत्तमरावांनी कागद मागवला. तिनं बडनेऱ्याच्या शेषरावांचा पत्ता त्यांना सांगितला, आणि ऑपरेशन होईपर्यंत ती बाहेर बाकावर थांबली.