एकोणतीस शून्यं

देवळीच्या बाजारात छाया वांगी तोलत होती, तेव्हा जामिनावर सुटलेला तिचा सख्खा काका अंकुश समोर येऊन उभा राहिला. शेताच्या धुऱ्याच्या भांडणात त्यानं याच दुकानावर पाच किलोच्या वजनानं तिच्या बाबांचं डोकं फोडून जीव घेतला होता. ते वजन पोलिसांनी नेलं. त्याच्या जोडीचं आता छायाच्या हातात होतं.

बाबा विज्ञानाचे मास्तर; बाजाराच्या दिवशी मात्र भाजीच्या दुकानावर बसायचे. गिऱ्हाईक नसलं की प्राचीन हिब्रू वजनं सूर्याच्या वस्तुमानात बसवत बसायचे. त्यातला शेकेल जवळपास तोळ्याएवढा, म्हणून त्यांना तो घरचाच वाटायचा. पाच किलो म्हणजे सव्वाचारशेच्या वर शेकेल, आणि सूर्याच्या मापात दशांशचिन्हापुढं एकोणतीस शून्यं, मग पंचवीस.

"काऊन वं छाये, अशी काऊन पाहून राह्यली?" अंकुशनं पारड्यावर हात टेकला. "तुहा बापच म्हणे, सूर्यापुढं पाच किलो म्हणजे काईच नाई."

"काईच नाई असं बाबा कधीच नाई म्हणाले, काका."

तिनं दोन्ही हातांनी वजन त्याच्या बोटांवर हाणलं. हाडं मोडली, वांग्यांवर रक्त उडालं. अंकुश गुडघ्यांवर कोसळला. तिनं वजन त्याच्या डोक्यावर उचलून धरलं.

"एकोणतीस शून्यं हायेत, काका. मोजा जोरानं. त्याच्यानंतर पाच किलो येते."

बाजार थिजला. अंकुश रडत मोजू लागला. शेवटच्या शून्यानंतर काय पडणार हे त्याला कळत होतं, म्हणून अठ्ठाविसाव्यावर तो मुद्दाम चुकला.

छायानं ते ओळखलं.

"पयल्यापासून," ती म्हणाली.