श्वास रोखायच्या पुलावरची अकरावी फळी

मित्रांनो, लिमा शहरात समुद्राकडे उतरणाऱ्या घळीवर एक लहान लाकडी पूल आहे. त्यावरची अकरावी फळी म्हणजे मी. जहाजातून आलेल्या पाइन लाकडाची मी. सुताराने मला रंधा मारला, ठोकून बसवले, माझ्यावर दोन उड्या मारून पाहिल्या आणि म्हणाला, "ही माझ्यामागेही टिकेल."

हा पूल पाहायला लोक दुरून येतात. पहिल्यांदा ओलांडताना जो श्वास रोखून धरतो, त्याची इच्छा पुरी होते, असे इथे मानतात. वाटाड्या रोसेन्दो रोज बजावतो, "नाकं धरा, मंडळी! मध्येच श्वास सुटला, की इच्छा गेली पाण्यात!" टोकाशी पिठाच्या गोड कड्या तळणारी एउसेबिया, जिला सगळे मानाने 'दोन्या' म्हणतात, ओरडते, "मेल्या, तुला गप्प करणारा जगात हा एकच पूल आहे!"

ते कौतुकाचे दिवस मला आवडत. पण आमच्याकडे पाऊस पडत नाही, धुके पडते. हिवाळाभर खारट ओल माझ्यात मुरत राहिली. एका खिळ्याभोवती बुरशी धरली आणि आतून माझा भुसा होऊ लागला. दर उन्हाळ्याआधी रंगारी येत. खालून कोणी पाहिले नाही. वरून हिरवा रंग मात्र चढत गेला. फोटोत मी नवी दिसत असे.

तेव्हापासून मी भीत भीत जगले. खाली आठ मीटरवर दगडी पायवाट होती. पाऊल पडले, की माझ्यात किती धागे शाबूत उरलेत, याचा मी अंदाज घेई. जड माणूस आला, की मी कुरकुरत असे. ती कुरकुर सगळ्यांना ऐकू जाई. पण बोलण्यासाठी श्वास कोण सोडणार?

एका सकाळी नेलिदा नावाची बाई आली. "नऊ दिवस झाले, दोन्या," ती एउसेबियाला म्हणाली, "नवऱ्याची होडी परतली नाही."

"जा बाई, श्वास तेवढा सांभाळ."

नेलिदा निघाली. तिच्या पाठोपाठ रोसेन्दोने शाळेची मुले सोडली. गाल फुगवून, हसू दाबत ती धावत सुटली.

नेलिदाची टाच माझ्यावर पडली आणि मी मोडले. तिचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. कठडा धरून तिने तो ओढून काढला. श्वास अजून धरलेलाच होता. पुलाचे टोक सहा पावलांवर होते. मागून येणाऱ्या मुलांची धडधड मला जाणवत होती. मित्रांनो, माझे दोन तुकडे घट्ट धरून ठेवायचा मी प्रयत्न केला. लाकडाला ते जमत नाही.

नेलिदाने एकदा समुद्राकडे पाहिले. मग ती वळली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "थांबा! पोरांनो, मागे फिरा! फळी मोडलीय!"

मुले थांबली. सर्वांत पुढची मुलगी माझ्यापासून हातभर अंतरावर होती.

रोसेन्दो धावत आला. "अहो बाई, तुमचा श्वास..." नेलिदा कठड्याला टेकून धापा टाकत होती.

दुपारी मला उखडून काढले. आता मी सामानाच्या खोलीत पडून आहे. होडी परतली की नाही, हे इथे कोणी बोलत नाही. दाराबाहेर पावले वाजली, की मी अजून दचकते. मित्रांनो, रंग लावण्याआधी लाकूड ठोकून पाहा, वाकून खालची बाजू पाहा. ते काम नेलिदासारख्या बाईच्या श्वासावर सोडू नका.